चार बाय सहाची ताडपत्री: नेपाळला मदत पाठवायची तर इतवारीतला माल किती उतरतो

शेजारच्या देशात भूकंप झाला की नागपुरातली मंडळं, क्लब आणि कॉलन्यांतल्या समित्या दोन दिवसांत कामाला लागतात. आधी जमतात जुने कपडे, मग बिस्किटांच्या पेट्या, मग पाण्याच्या बाटल्या. ताडपत्री आठवते चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि तीही ‘कोणतीही दे भाऊ, निळी असली म्हणजे झालं’ अशा थाटात. तिकडे डोंगरात पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठी नड असते ती डोक्यावरच्या आच्छादनाची. म्हणून हे परीक्षण मुख्यतः एकाच वस्तूचं: नागपूरच्या इतवारी, गांधीबाग आणि कळमना या बाजारांच्या आसपास मिळणारी ताडपत्री सीमेपलीकडच्या कामाला कितपत उतरते. दोरी, अवजारं, ब्लँकेटं आणि क्लोरीनच्या गोळ्या सोबत लागतातच, त्यांचंही थोडं.

कसोटी कोणती लावली ते आधी. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या थोडं आधी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मे ला ७.३ चा आणखी एक धक्का बसला. ज्यांची घरं उभी होती तीही माणसं आत झोपायला धजेनात. मोसमी पाऊस तिथे जूनच्या मध्याला येतो, म्हणजे पहिल्या धक्क्यापासून जेमतेम सात आठवडे. पश्चिम नेपाळातल्या जाजरकोटचा भूकंप ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीचा, आणि समोर डोंगरातला हिवाळा. तेव्हा ही ताडपत्री चार महिने पावसात उभी राहिली पाहिजे, उंचावरच्या प्रखर उन्हात तिची भुकटी होता कामा नये, वाऱ्यात ती फाटू नये आणि गठ्ठा एका माणसाच्या पाठीवर चढला पाहिजे. सोयाबीनच्या ढिगावर दोन महिने टाकून पुढच्या मोसमात नवी घेणाऱ्या शेतकऱ्याची गरज वेगळी आहे. त्याच्यासाठी भरलेला माल इथे उचलून चालत नाही.

माप पहिलं. रेडक्रॉस आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था यांचं मदतकार्यातलं प्रमाण माप आहे ४ मीटर बाय ६ मीटर. आपल्याकडे फुटांचा हिशोब चालतो: १२ बाय १५, १५ बाय १८, १८ बाय २४. चार बाय सहा मीटर म्हणजे साधारण १३ बाय २० फूट, आणि हे माप सहसा तयार नसतं, सांगून करून घ्यावं लागतं. सांगताना ‘तयार माप’ असं स्पष्ट बोला. दुकानदार बोलतो ते १३ बाय २० बहुतेक वेळा कापाचं माप असतं. कडा दुमडून शिवली की साडेबारा बाय साडेएकोणीस उरतं. २६० चौरस फुटांचे पैसे मोजून २४४ चौरस फूट हाती येतात. शंभर नगांमागे सहा ताडपत्र्या अशा कडेत जातात.

या मापामागे हिशोब आहे. ताडपत्रीची सहा मीटरची बाजू आढ्यावरून दोन्हीकडे सोडली की तीन-तीन मीटरचे दोन उतार मिळतात. आढं १.८ मीटर उंच ठेवलं तर खाली ४.८ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब, म्हणजे १९ चौरस मीटर जागा झाकली जाते. आपत्ती-मदतीचे ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष माणशी ३.५ चौरस मीटर मागतात; पाच जणांच्या कुटुंबाला १७.५ लागतात. एका ताडपत्रीत छत निघतं, पण दोन्ही टोकं उघडी राहतात आणि जमीन ओली राहते. म्हणून कुटुंबामागे दोन. ‘जास्त घरांना पुरावं’ म्हणून एकेक वाटण्याचा मोह मंडळांना होतो. त्यात दुप्पट घरं अर्धवट भिजतात.

आता जाडी, आणि खरी फसवणूक इथेच. बाजारात जीएसएमचा आकडा सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. मदतकार्याला २०० च्या आसपासचं कापड लागतं. अडीचशेचा म्हणून दाखवलेला माल काट्यावर १७० भरतो, असं सर्रास होतं. तपासणी सोपी आहे. नमुन्याचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर तुकडा कापा आणि इतवारीतच सराफ्याच्या काट्यावर ठेवा. २ ग्रॅम भरला तर २०० जीएसएम, १.२ भरला तर १२०. तुकडा कापू देत नसतील तर अख्खा नग तोला: २४ चौरस मीटर गुणिले २०० म्हणजे ४.८ किलो, कडेची दुमड आणि दोरी धरून पाचच्या आसपास. साडेचारच्या खाली असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

वजन बरोबर भरलं म्हणून माल चांगलाच, असंही नाही. लेपात खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. असा कपडा हाताला कडक लागतो आणि घडी घालून नखाने दाबला की पांढरी रेघ उमटते. तीच घडी आठ-दहा वेळा उलटसुलट करा. लेपाचे पापुद्रे सुटू लागले तर तो पहिल्या पावसातच सुटणार. दुसरी चाचणी चिकटपट्टीची: पॅकिंगची रुंद पट्टी घट्ट दाबून लावा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीबरोबर लेप निघता कामा नये. तिसरी उन्हाची: दुपारी ताडपत्री डोक्यावर धरून खालून पाहा, टाचणीएवढी भोकं लगेच दिसतात. वेळ असेल तर चार कोपरे बांधून मध्ये खोलगट करा, बादलीभर पाणी ओता आणि तासाभराने खाली हात फिरवा.

पाच प्रकारचा माल पाहिला. निकाल असा.

निळी-पिवळी पातळ ताडपत्री, ९० ते १२० जीएसएम. घरावरून टाकायला, दुचाकी झाकायला ठीक. बहुतेक नगांत उन्हापासून संरक्षण देणारं यूव्ही रसायन नसतं किंवा नावाला असतं. नागपूरच्या एका मे महिन्यात ती हातात चुरते, आणि दोन हजार मीटर उंचीवरचं ऊन याहून तिखट. वाऱ्यात कडेच्या, दोरी ओवायच्या रिंगेपाशी पहिली चीर पडते आणि ती विणीबरोबर सरळ धावत जाते. पाचपैकी एक, तोही फक्त जमिनीवर अंथरायला.

एचडीपीई या चिवट प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली, दोन्ही बाजूंनी लेप दिलेली, २०० ते २५० जीएसएम. पाहिजे ती हीच. भारतीय मानक आयएस ७९०३ याच प्रकारासाठी आहे. आयएसआय चिन्हाशेजारी परवाना क्रमांक छापलेला असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून जागेवरच खरा-खोटा करता येतो. नुसतं चिन्ह छापलंय आणि क्रमांक नाही, तर चिन्हाला अर्थ नाही. रेडक्रॉसच्या प्रमाणातली ताडपत्री आत काळ्या धाग्याची आणि वरून दोन्हीकडे पांढरी असते. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि काळ्या धाग्यामुळे रात्री आत दिवा लावला तरी बाहेरून सावल्या दिसत नाहीत. बायका-मुली ज्या निवाऱ्यात कपडे बदलणार, तिथे ही बाब लहान नाही. दुकानांत निळी, पिवळी, हिरवी, काळी भरपूर आहे. पांढरी-काळी मागवावी लागते. वेळ नसेल तर एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने फिकी अशी घ्या. नगाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मापाच्या कटकटीत गेला.

एकमेकांवर तिरके थर चिकटवून केलेला, न विणलेला क्रॉस-लॅमिनेटेड प्रकार. वजनाच्या मानाने ताकद चांगली, चीर पुढे धावत नाही, पाणी आत येत नाही. अडचण बांधण्याची. पृष्ठभाग गुळगुळीत, गाठ सरकते आणि खिळा मारलेली जागा हळूहळू ताणत जाते. जाणत्या हातांत चांगला. डोंगरातल्या गावात सूचना न देता पाठवायला मध्यम. पाचपैकी साडेतीन.

ट्रकवर टाकतात ती पीव्हीसी लेपाची जाड ताडपत्री. मजबुतीत हिच्या पुढे कोणी नाही. पण ५५० जीएसएम धरलं तर एकच नग १३ किलोवर जातो, आणि एका ट्रकमध्ये कुटुंबं निम्म्याहून कमी मावतात. दवाखान्याच्या किंवा शाळेच्या मांडवाला दहा-वीस ठेवा, घरोघरी वाटायला नको.

सुती मेणकापडी ताडपत्री. उबदार आणि आवाज न करणारी, पण भिजली की वजन वाढतं आणि ओली घडी दोन आठवड्यांत बुरशटते. ट्रक सीमेवर आठवडाभर पावसात उभा राहिला तर माल गावात पोहोचण्याआधीच कुबट. सोडून द्या.

रिंगांबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण ताडपत्री फाटते ती इथूनच. चार बाय सहाचा घेर २० मीटर, दर मीटरला एक म्हणजे २० रिंगा. अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या, लोखंडी रिंग गंजते आणि गंजाची धार कापड कापते. कडेच्या दुमडीत दोरी घातलेली हवी आणि रिंग दुमडीच्या दोन्ही पदरांतून गेलेली हवी. एकाच पदरात ठोकलेली रिंग दोन माणसांनी दोरी घालून ओढली की बटणासारखी निघते, दुकानातच ओढून पाहा. तरीही वादळात रिंगा सुटणारच. त्यावर जुना उपाय आहे: लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या आतल्या बाजूने धरायचा, कापड त्याच्याभोवती आवळायचं आणि मानेला दोरी बांधायची. रिंगेपेक्षा हा बांध जास्त ताण सोसतो, कारण जोर एका भोकावर न येता गोट्याभोवती पसरतो. याचं साधं चित्र काढून प्रत्येक गठ्ठ्यात टाकावं. सूचना नेपाळीत लिहून घ्या. लिपी देवनागरीच, नागपुरातला कोणताही छापखाना एका दिवसात काढून देतो. मजकूर मात्र नेपाळी जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायचा.

जोडही पाहा. चार मीटर रुंदीसाठी कधी दोन पट्टे जोडलेले असतात. गरम हवेने चिकटवलेला जोड चालतो; नुसता शिवलेला असेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. ताडपत्री लावताना जोड उताराच्या दिशेने, आढ्यापासून जमिनीकडे गेला पाहिजे. आडवा आला तर पाणी जोडापाशी अडतं, तिथे झोळी होते, आणि रात्रीत भरलेल्या झोळीचं वजन अख्खं छप्पर खाली आणतं. उतार कमी ठेवला की हेच होतं. आढं कंबरेएवढ्या उंचीवर बांधून पसरट छत करण्यापेक्षा जागा थोडी कमी झाली तरी उतार तीव्र ठेवलेला बरा. बांबूची टोकं जिथे घासतात तिथे चिंध्या गुंडाळाव्या लागतात. जमलेल्या जुन्या कपड्यांचा या सगळ्या कामात एवढाच उपयोग, आणि त्यासाठी ट्रकभर लागत नाहीत.

दोरी: दुकानात नायलॉन म्हणून देतात ती बहुधा पॉलिप्रॉपिलीन असते. चालते, पण ६ ते ८ मिलिमीटरची घ्या, पातळ दोरी हात आणि ताडपत्री दोन्ही कापते. दोन ताडपत्र्यांमागे ३० मीटर. कापलेली टोकं वितळवून बंद करायची, नाहीतर पीळ उलगडतो. लोहाओळीत बाकीचं सगळं एका फेरीत मिळतं: हातोडा, करवत, फावडं, टिकाव, कोयता, बांधणीची तार, तीन इंची आणि पत्र्याचे खिळे अर्धा-अर्धा किलो. पाच कुटुंबांमागे एक संच पुरतो, आणि शक्यतो त्यात एक सब्बल घाला, कारण डोंगरातल्या खडकाळ जमिनीत खुंटीसाठी भोक पाडायला दुसरं काही चालत नाही. फावड्याला दांडा बसवलेला आहे ना ते पाहा; पाते एका पोत्यात आणि दांडे दुसऱ्या गाडीत, असा घोळ ठरलेला. खिळ्याच्या डोक्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा घातला की ताडपत्री खिळ्यावर फाटत नाही. पोतंभर ट्यूब सायकल दुरुस्तीवाल्याकडे जवळजवळ फुकट मिळेल.

ब्लँकेटं गांधीबागेत ढिगाने आहेत, त्यातली बरीच पानिपतची. जुन्या लोकरीच्या धाग्यांपासून विणलेलं करडं ब्लँकेट आणि रंगीत फ्लीस असे दोन पर्याय. करडं दिसायला गरीब, पण शेकोटीजवळ वितळत नाही आणि दमट असलं तरी थोडी ऊब धरतं. वाळायला मात्र दोन दिवस घेतं. फ्लीस हलकं, तासाभरात वाळतं, पण एक ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. चुलीशेजारी झोपणाऱ्या घरांना करडंच द्यावं. दीड बाय दोन मीटरच्या खालचं घेऊ नका; मुलांचं म्हणून लहान मापात खपवलेला माल मोठ्यांच्या वाट्याला येतो. एप्रिलच्या भूकंपात ब्लँकेटं दुय्यम, नोव्हेंबरच्या भूकंपात ताडपत्रीच्या बरोबरीने.

पाण्याच्या बाटल्या नकोत. हिशोब पाहा: नऊ टनांच्या गाडीत ताडपत्र्यांचे पाच-पाच नगांचे, २५ किलोचे ३६० गठ्ठे बसतात. म्हणजे १,८०० ताडपत्र्या, ९०० कुटुंबं, साडेचार हजार माणसं. त्याच गाडीत पाणी भरलं तर ९,००० लिटर, आणि नुसतं पिण्यासाठी माणशी अडीच लिटर धरलं तरी या साडेचार हजारांना ते एक दिवसही पुरत नाही. त्याऐवजी ६७ मिलिग्रॅमच्या क्लोरीनच्या गोळ्या घ्या: एक गोळी, २० लिटर निवळ पाणी, ३० मिनिटं थांबणं. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी फडक्यातून गाळायचं आणि गोळ्या दोन टाकायच्या. गोळ्यांसोबत मापाचं भांडं हवंच. लोट्यात अख्खी गोळी टाकली की पाणी तोंडात धरवत नाही, आणि गावाचा गोळ्यांवरचा विश्वास त्या दिवशी संपतो. म्हणून घरामागे अरुंद तोंडाचा, झाकणाचा १० किंवा २० लिटरचा कॅन, आणि कॅननुसार गोळी. १० लिटरच्या आणि २० लिटरच्या अशा दोन मापांच्या गोळ्या एकाच खेपेत कधीही पाठवू नका.

औषधं मंडळांनी पाठवू नयेत, एवढंच पुरे.

गठ्ठे बांधण्याची पद्धत नागपूरच्या वाहतूकदारांना सांगावी लागते, कारण त्यांना ५० किलोची गाठ बांधायची सवय आहे. रस्ता संपतो तिथून पुढे नेपाळी भरिया कपाळावरच्या पट्ट्याने, नाम्लोने, ओझं पाठीवर नेतो. २५ किलोचा गठ्ठा जातो. ५० चा तिथेच उघडावा लागतो, आणि उघडलेल्या गठ्ठ्यातून दोरी आणि खिळे आधी गायब होतात. बाहेरून विणलेलं पोतं, आत पन्नी, चारही बाजूंना एकच मजकूर: वस्तू, नग, वजन, पाठवणारा, घेणारा. एका गठ्ठ्यात एकच प्रकारचा माल. ‘कुटुंब संच’ म्हणून सगळं एकत्र भरलेली पेटी फोटोत छान दिसते, पण सीमेवर प्रत्येक पेटी उघडून मोजली जाते. संच गावाजवळच्या शेवटच्या गोदामात जोडा.

आणि सीमा हाच या सगळ्याचा कच्चा दुवा. नागपूरहून जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सोनौलीला सुमारे हजार किलोमीटर. ट्रक दोन-तीन दिवसांत पोहोचतो. पूर्वेकडच्या जिल्ह्यांसाठी रक्सौल-वीरगंज, पश्चिमेला जाजरकोटकडे जायचं तर रुपईडीहा-नेपाळगंज. २०१५ मध्ये काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीवर विमानांची कोंडी झाली आणि काही दिवसांनी मोठ्या विमानांना तिथे उतरायला मनाईही झाली, म्हणून रस्त्याने येणाऱ्या मालाचं महत्त्व वाढलं. पण मालही अडकला. १ मे २०१५ ला नेपाळने ताडपत्री आणि तंबूंवरचं आयातशुल्क माफ केलं. बाकी वस्तूंची तपासणी सुरूच राहिली आणि ढीग साचले. भारतातून आलेले वापरलेले कपडे नेपाळी अधिकाऱ्यांनी घ्यायला नकार दिल्याच्या बातम्याही तेव्हाच्याच. ताडपत्रीला वरचे गुण देण्याचं हेही एक कारण: मदत घेणाऱ्या सरकारच्या यादीत ती सुरुवातीपासून असते.

शेजार असला म्हणून फाटक उघडं असतं असं नाही. तुर्की-आर्मेनिया सीमा तीन दशकं बंद होती. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर मदतीचे पाच ट्रक जाण्यासाठी ती पहिल्यांदा उघडली. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर भारत-पाकिस्तानने नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणं मदतीसाठी उघडायचं ठरवलं, पण त्यातलं पहिलं उघडेपर्यंत महिना गेला. नेपाळचं तसं नाही, ये-जा मोकळी आहे, पण ती माणसांची. मालाला कागद लागतात. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद: नेपाळमधल्या सरकारी यंत्रणेचं किंवा नोंदणीकृत संस्थेचं माल स्वीकारण्याचं पत्र, त्यात वस्तू आणि नग तुमच्या यादीशी तंतोतंत जुळणारे. यादीत १,८०० आणि गाडीत १,८२० असले तर वरच्या वीस नगांसाठी अख्खी गाडी भन्सारमध्ये, म्हणजे तिथल्या जकात कार्यालयात, थांबते. ‘थोडे जास्त टाकून द्या’ हा आपला चांगुलपणा इथे नडतो. भारताच्या बाजूने रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे कस्टमला द्यायचं निर्यातपत्र, मोठ्या खेपेला आयईसी (आयात-निर्यात नोंदणी) क्रमांक असलेला निर्यातदार, ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, शिवाय बिल्टी आणि धर्मकाट्याची पावती. सीमेवरचा कस्टम एजंट गाडी नागपुरातून निघण्याआधी ठरवा. पोहोचल्यावर शोधला तर दर त्याचा असतो.

गाडीबरोबर दोनच माणसं पाठवा. ढिगाऱ्यातून माणसं काढणं हे एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं काम. त्यांची अकादमी नागपुरातच आहे आणि २०१५ मध्ये ऑपरेशन मैत्री या भारताच्या मदतमोहिमेत त्यांची १६ पथकं नेपाळात होती. ती आपलं खाणं-पाणी स्वतः घेऊन जातात. मदतीला म्हणून गेलेल्या वीस हौशी स्वयंसेवकांच्या जेवणाची सोय मात्र भूकंपग्रस्त गावाला करावी लागते.

म्यानमारसाठी हा सगळा खटाटोप नागपुरातून करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. २८ मार्च २०२५ चा ७.७ तीव्रतेचा भूकंप मंडालेजवळ झाला. भारताची मदत ऑपरेशन ब्रह्मामधून हवाई दलाच्या विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी गेली. पहिल्याच विमानात तंबू, झोपण्याच्या पिशव्या, ब्लँकेटं, तयार अन्न, जलशुद्धीकरण यंत्रं, सौर दिवे आणि औषधं मिळून १५ टन माल होता. मणिपूरच्या सीमेवरून पुढे खासगी ट्रक नेणं मंडळाच्या आवाक्यातलं नाही. तिथे आधीपासून काम करणाऱ्या मोठ्या संस्थेला पैसे द्यावेत.

पैशांचा प्रश्न नेपाळच्या बाबतीतही येतो. ताडपत्रीचा उपयोग पहिल्या तीन-चार आठवड्यांतला. त्यानंतर लोकांना जस्ताचे पत्रे हवे असतात. २०१५ मध्ये नेपाळ सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे १५,००० नेपाळी रुपये दिले ते यासाठीच. गाडी भरण्याइतका माल जमत नसेल, किंवा भूकंपाला महिना होऊन गेला असेल, तर ताडपत्रीचा नाद सोडून रोख रक्कम द्यावी. ट्रस्टांनी मात्र आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावं: धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चावर, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी नसेल तर, करसूट मिळत नाही. देणगीच्या पावत्या फाडून झाल्यावर हे कळलं तर उपयोग नाही.

खरेदीची वेळही पाहावी. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत शेतकऱ्यांची मागणी असते, भाव चढतो आणि दुकानदार ठरवलेलं माप करून द्यायला नाखूश असतो. हिवाळ्यात तोच माल निवांत मिळतो. भाव नगावर न विचारता किलोवर विचारा, म्हणजे पातळ माल स्वस्त वाटत नाही. ऑर्डर देताना एक तपासलेला नमुना दोघांच्या सहीची चिठ्ठी लावून दुकानातच ठेवा आणि माल आल्यावर दर पन्नासमागे एक नग काट्यावर टाका. बिलावर तयार माप, जीएसएम, लेप एका बाजूने की दोन्ही, रिंगांची संख्या, नगाचं वजन आणि ‘नमुन्याप्रमाणे नसल्यास परत’ हे सगळं लिहून घ्या. ‘ताडपत्री, १,८०० नग’ एवढंच लिहिलेलं बिल दुकानदाराशी भांडायलाही कामाचं नाही आणि भन्सारला दाखवायलाही.